पहिला घोट

मार्सालीने माळ्यावरचे पोते ओढून खाली घेतले आणि जुन्या वर्तमानपत्रावर उपडे केले. वाळलेली पाने, देठ, थोडी माती, एक मेलेला भुंगा. पुढच्या खेपेला जिनला वासासाठी घालायची सिसली किती तोडून आणावी लागेल, एवढेच तिला बघायचे होते. तिने पाला बोटांनी पसरला आणि तिचा हात जागीच थांबला.

एका देठावर जांभळे ठिपके होते.

सिसलीच्या देठावर असे ठिपके नसतात. तो लवदार असतो, वाळला की पिवळट पडतो. हा देठ गुळगुळीत होता, आणि कुणीतरी शाईचे पेन झटकावे तसे डाग त्याच्यावर पडले होते. तिने तो चुरगाळून नाकाशी धरला. बडीशेपेचा वास यायला हवा होता. आला तो उंदराच्या मुताचा.

‘‘नाही,’’ ती मोठ्याने म्हणाली.

ऐकायला शेडमध्ये कुणीही नव्हते. एका भिंतीला व्हिस्कीची पिंपे निवांत पडली होती, ती उघडायला अजून बरीच वर्षे होती. तोवर घर चालत होते ते जिनवर. मधोमध तांब्याची भट्टी घासूनपुसून उभी होती. याच पोत्यातला पाला पंधरवड्यापूर्वी त्या भट्टीत गेला होता, आणि त्यातून उतरलेली जिन आज सकाळी ऊनाच्या लग्नाला गेली होती.

बेटावरच्या पोरांना चालता येऊ लागले की हे शिकवतात. ओढ्याकाठी पांढऱ्या फुलांची छत्री दिसली की आधी चुरगाळायचे आणि हुंगायचे. बडीशेपेचा वास आला तर सिसली, उंदराचा आला तर ते विषारी हेमलॉक, हात धुऊन मुकाट्याने घरी यायचे. दोन्ही झुडपे शेजारी शेजारी उगवतात आणि लांबून सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. हेमलॉकने मेलेली गाय मार्सालीने लहानपणी पाहिली होती. आधी पाय गेले, मग श्वास गेला. डोळे मात्र शेवटपर्यंत उघडे होते आणि तिला सगळे समजत होते.

तिने सभागृहाला फोन लावला. फोन वाजत राहिला. सगळी माणसे अजून चर्चमध्ये असणार. मग तिने बाबांना फोन लावला, तर तो मागच्या खोलीतच वाजला. तिने तो देठ रुमालात गुंडाळला आणि गाडीकडे धाव घेतली.

सभागृह बेटाच्या दुसऱ्या टोकाला होते आणि रस्ता एकाच गाडीपुरता. दोन वळणे गेली नाहीत तोच मेंढ्या आडव्या आल्या. तिने भोंगा वाजवला. मेंढ्यांनी तिच्याकडे पाहिले आणि रवंथ चालू ठेवले. एरवी ती हसली असती. आज तिने भोंग्यावरचा हात काढलाच नाही.

पाला बाबांनी तोडला होता. दरवर्षी तेच तोडत. बाबा, म्हणजे टॉर्मॉड, चर्चमधले ज्येष्ठ माणूस, उभ्या जन्मात दारूला न शिवलेले. मुलीने भट्टी घातली तेव्हा आठवडाभर ते तिच्याशी बोलले नव्हते. मग एका सकाळी पाठीला पोते बांधून टेकडीकडे निघाले. ‘‘झाडं देवाची आहेत,’’ ते म्हणाले होते, ‘‘पुढं त्यांचं काय करतेस ते तू आणि देव बघून घ्या.’’ त्यानंतर एकही वर्ष चुकले नव्हते. त्यांच्या नाकाची तर बेटावर ख्याती होती. धुके पडले असताना केवळ वासावरून ते कुणाच्या घरात काय शिजते आहे ते सांगत.

भट्टी लावली त्या दिवशी तिला सर्दी झाली होती. नाक चोंदलेले, डोळ्यांतून पाणी. भट्टीत घालण्याआधी तिने पोते बाबांपुढे धरले होते.

‘‘बघा हो कसं आहे.’’

त्यांनी पोत्यात तोंड घातले, चांगला लांब श्वास घेतला आणि म्हणाले, ‘‘छान आहे.’’

मेंढ्या हलल्या. तिने गाडी दामटली. आता तिला दुसरेच आठवत होते. गेल्या आठवड्यात बाबांच्या खोलीत झाडताना खाटेखाली तिला जिनची बाटली सापडली होती, अर्धी रिकामी. ती बाटली घेऊन थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली होती. नको ते बोलली होती. ‘‘आई गेली ते बरंच झालं, हे बघायला नाही,’’ असेसुद्धा म्हणाली होती.  बाबांनी तिच्या हातून बाटली घेतली, उजेडात धरली आणि ‘‘अजून थोडी आहे,’’ असे म्हणून परत खाटेखाली ठेवली. त्यांचा तो थंडपणा तिला फार लागला होता.

कधीपासून पीत होते, कोण जाणे. पिऊनच टेकडीवर गेले असतील. पिऊनच पोत्यात तोंड घातले असेल. आणि ती, एवढी भट्टीची मालकीण, त्यांच्या भरवशावर राहिली होती.

सभागृहापुढे गाड्यांची दाटी झाली होती. म्हणजे चर्च सुटले होते. तिने गाडी रस्त्यातच सोडली आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली. नवरी ऊनाची मावशी डोलीना ओव्हनमधून मटणाचे ताट बाहेर काढत होती. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

‘‘आलीस? आणि ह्या कसल्या अवतारात आलीस गं? लग्नाला आलीस की भट्टी घासायला?’’

‘‘डोलीना, जिन कुठं आहे?’’

‘‘कुठं असणार, टेबलावर. चांगली आहे हो. सकाळी एक घोट घेऊन बघितला मी.’’ तिने ताट ठेवले आणि टेबलाचा आधार घेतला. ‘‘तेव्हापासून चक्कर येतेय मेली.’’

मार्सालीने तिचा दंड धरला. ‘‘पाय? पाय जड झालेत का तुझे?’’

‘‘झालेत म्हणजे! बहिणीचे बूट घातलेत, एक नंबर लहान. पहाटेपासून पोटात काही नाही आणि उभी आहे मी. तुला काय झालं? पांढरीफटक पडलीस ती?’’

‘‘आणखी कुणी प्यायलंय?’’

‘‘आधी कसं पितील? अजून तुझ्या बाबांनी ओठ कुठं लावलेत!’’

बेटावर तशी रीतच होती. लग्नात दोन कानांची चांदीची वाटी भरायची. ज्याच्या घरचे पेय, त्या घरातल्या थोरल्याने ती आधी तोंडाला लावायची, मग नवरानवरी, मग हातोहात सगळ्यांनी. पूर्वी एका घराण्याचा दुसऱ्यावर विश्वास नसे, तेव्हापासूनचे हे चालत आलेले. वाटी दोन्ही हातांनी धरावी लागते, म्हणून कमरेच्या सुऱ्याकडे हात जात नाही, असे म्हातारी माणसे सांगत. टॉर्मॉड मात्र नुसतेच ओठ टेकवत, आणि त्यांच्या मागे सगळे हसत.

मार्साली दालनात आली. माणसांची गर्दी, हसणे, खुर्च्यांची ओढाताण, कोपऱ्यात फिडल जुळवणे चाललेले. पुढच्या टेबलावर वाटी भरून ठेवली होती. नवरी तिच्याजवळ उभी राहून कुणाशी तरी बोलत होती आणि बोलता बोलता वाटीच्या कानाशी बोटाने खेळत होती. ओरडावे म्हणून मार्सालीने तोंड उघडले. तेवढ्यात तिला बाबा दिसले. काळा कोट घालून, भिंतीला टेकून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. ओरडले की त्यांचे सगळे संपणार होते, आणि भट्टीचेही. तरीही ती ओरडणार होतीच, फक्त आधी त्यांना एकदा विचारून. ती त्यांच्यापुढे खाली बसली आणि रुमाल उलगडला.

‘‘बाबा, हे बघा. सिसलीच्या पोत्यात मिळालं.’’

त्यांनी देठाकडे पाहिले. मग तिची मूठ आपल्या हाताने मिटवली.

‘‘मला वाटलं, एकच होता,’’ ते म्हणाले.

‘‘म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘हळू बोल. भट्टी उतरवलीस त्या संध्याकाळी चोथा टाकायला गेलो. त्यात एक दिसला. डाग पुसट झाले होते, नक्की कळेना. नाकाशी धरला.’’  ‘‘पण मला नाकाशी धरून काय कळणार?’’

‘‘तुम्हाला नाही कळणार तर कुणाला?’’

‘‘हिवाळ्यातल्या तापानंतर मला वास येत नाही, पोरी. कशाचाच. परवा मासा करपला तो मला धूर दिसल्यावर कळला.’’

तिला हे पटकन समजलेच नाही. ‘‘मी पोतं पुढं धरलं होतं. तुम्ही म्हणालात, छान आहे.’’

‘‘म्हटलं, तूही हुंगलं असशील.’’

‘‘मला सर्दी होती!’’

‘‘हो. ते माझ्या मागाहून ध्यानात आलं.’’

मार्सालीला संताप आवरेना.  ‘‘आणि मला सांगितलं नाहीत? एवढी माणसं आहेत इथं. पोरंबाळं असलेली माणसं. बाबा, तुम्ही गप्प कसे बसलात?’’

‘‘सांगितलं असतं तर तू मला परत टेकडीवर जाऊ दिलं नसतंस.’’

‘‘नसतंच दिलं!’’

‘‘तेच ना. म्हणून म्हटलं, आधी खात्री करावी.’’

‘‘कसली खात्री? कशी केलीत खात्री?’’

बाबांनी कोटावर नसलेला धागा झटकला. ‘‘पहिल्या दिवशी चमचाभर घेतली. खोलीची कडी काढून ठेवली होती, सकाळी तुला दार फोडायला लागू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी अर्धा पेला. मग रोज पेलाभर. परवा बाटली संपली, तेव्हा डोलीनाच्या नवऱ्याला सांगितलं की न्यायला ये.’’

कोपऱ्यातले फिडल एकदम सुरात लागले.  उजेडात धरलेली बाटली मार्सालीला आठवली. अजून थोडी आहे, असे म्हणाले होते.

‘‘आणि तुम्हाला काही झालं असतं तर?’’

‘‘तर तुला कळलं असतं ना,’’ बाबा म्हणाले. मग तोंड वाकडे करून म्हणाले, ‘‘फार वाईट लागते गं. लोक हे हौसेनं कसं पितात?’’

तिला हसू आले नाही. रडूही आले नाही. भीती अजून तिच्या अंगातच होती, फक्त आता ती एका अंधाऱ्या खोलीची होती, जिथे कडी काढून एक म्हातारा माणूस आपले पाय हलतात का ते बघत खाटेवर बसला होता. आणि त्याच घरात ती भिंतीपलीकडे झोपली होती.

‘‘टॉर्मॉड!’’ डोलीनाने पुढून हाक मारली. बहिणीचे बूट तिने आता काढून टाकले होते. ‘‘उठा की! सगळी ताटकळलीत. तुमचे ते पवित्र ओठ टेकवा, म्हणजे आम्हा पापी माणसांना पिता येईल.’’

दालनात हशा पिकला. बाबा गुडघ्यांवर जोर देऊन उठले. मार्साली त्यांच्याबरोबर चालू लागली. देठ अजून तिच्या मुठीत होता. त्यांना थांबवावे, असे तिला टेबलापर्यंत वाटत होते.

बाबांनी वाटी दोन्ही हातांनी उचलली. पाद्री समोरच बसले होते. बाबांनी त्यांच्याकडे पाहिले, मग मुलीकडे पाहिले, आणि ओठ न टेकवता सरळ घोट घेतला. मग आणखी एक. त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली झाली. हसणे विरत गेले. ‘‘अगं बाई,’’ कुणीतरी म्हणाले. पाद्र्यांनी चष्मा काढला. उभ्या जन्मातले बाबांचे नाव त्या दोन घोटांत गेले, उद्या हे बेटभर होणार होते. बाबांनी मिशी पुसली आणि वाटी मार्सालीपुढे धरली.

नवरानवरी वाट बघत होती. रीत मोडून वाटी भलतीकडे चालली होती.

‘‘आता तू सांग,’’ बाबा हळूच म्हणाले. ‘‘कसा वास येतो?’’

तिने वाटीवर तोंड झुकवले. एक कान त्यांनी धरून ठेवला.

‘‘जुनिपर,’’ ती म्हणाली. ‘‘मग संत्र्याची साल. मग बडीशेप.’’

‘‘भरपूर?’’

‘‘भरपूर. आणि मागं ओढ्याकाठचं ओलं गवत.’’

‘‘पाला ओढ्याच्या वरच्या अंगाला तोडला होता मी,’’ बाबा म्हणाले आणि डोळे मिटले. ‘‘अजून?’’

ती पुन्हा हुंगू लागली. मग तिने घोट घेतला, गिळला आणि वाटी नवरीच्या हातात दिली.