सणानंतर, सणानंतर!

मी एक गाणं. तुमच्याकडे गाणं नपुंसकलिंगी असतं म्हणे. आमच्या माल्टात गाणं म्हणजे बाई, आणि बाई बोलायला लागली की मध्ये तोंड घालायचं नसतं. शिवाय मी स्पर्धेचं गाणं आहे. तिथं तीन मिनिटांच्या वर कुणी उभं करत नाही, त्यामुळे थोडक्यात आवरायची सवय आहे मला.

माझा जन्म मासळीच्या गाड्यावर झाला. मार्साश्लॉकच्या धक्क्यावर चेन्सा आईच्या जागी बसून लाम्पुकी मासे विकायची. चाळिशी ओलांडलेली, अंगानं भरलेली, आणि आवाज असा की तिनं या टोकाला भाव सांगितला की त्या टोकाची मांजरं उठून बसायची. हाच आवाज धुऊनपुसून ती संध्याकाळी लग्नांत गायला न्यायची. धाकटा भाऊ विस्तिन सोबत अकॉर्डियन वाजवायचा.

चेन्साचा साखरपुडा झालेला होता. नऊ वर्षांपूर्वी. होणारा नवरा झेप्पी, गावच्या संताच्या सणासाठी शोभेची दारू बनवणारा. सण वर्षातून एकदा येतो, पण त्याची तयारी वर्षभर चालते, त्यामुळे झेप्पीला दुसऱ्या कशालाच सवड नसायची. माणूस वाईट नव्हता. दिसायला तर फारच चांगला होता, आणि तिथंच चेन्सा फसली होती. आमच्या भाषेत ‘मेला’ म्हणजे ‘बरं तर’. पण चेन्सा झेप्पीला ‘मेला’ म्हणायची तेव्हा तुमचाच अर्थ लागू पडायचा.

एका रविवारी तो गाड्यावर आला आणि एक लाम्पुकी उचलून पिशवीत टाकली.

"काय रे, फादरना भेटलास का लग्नाच्या तारखेचं?" चेन्सानं विचारलं.

"भेटतो ना. सणानंतर."

"मागच्या वर्षीही हेच म्हणाला होतास."

"मग? मी शब्द फिरवतो का कधी?"

तो शीळ घालत गेला. चेन्साच्या हातात सुरा होता आणि समोर मासळी होती, हे झेप्पीचं नशीब. ती मासे तोडायला लागली आणि प्रत्येक घावाला बोलायला लागली. "लग्न कधी?" खट्. "सणानंतर." "भिंती कधी रंगवशील?" खट्. "सणानंतर." रांगेतल्या बायका हसायला लागल्या. एकजण म्हणाली, "आणि आमच्या मोरीचा नळ?" सगळ्या एका सुरात ओरडल्या, "सणानंतर!"

अशी मी जन्मले. अंगाला खवले चिकटलेली.

विस्तिननं चाल नीट बसवली, चेन्सानं शेवट जोडला:

सण येतो, सण जातो,
दारू उडते, धूर होतो,
माझा राजा तसाच राहतो,
सणानंतर, सणानंतर!

पुढच्याच लग्नात तिनं मला गायलं. नवरीची आजी खुर्चीवर चढली. पुरुष मंडळी आपापल्या बुटांकडे बघत बसली. विस्तिननं ताईला न विचारता मला देशाच्या निवड स्पर्धेला पाठवून दिलं. युरोपातल्या गाण्यांच्या मोठ्या स्पर्धेत दरवर्षी आमच्याकडून एक गाणं जातं, आणि त्या दिवसांत आमचं बेट दुसऱ्या कशावर बोलत नाही. सरकार पडलं तरी लोक म्हणतात, आधी गाणं होऊ दे. निवड लोकांच्या फोनवर होती. बेटावरच्या झाडून सगळ्या बायकांनी फोन केले, काहींनी नवऱ्याच्या फोनवरून. मी निवडून आले.

दुसऱ्या दिवसापासून झेप्पीचं जगणं अवघड झालं. न्हाव्यानं विचारलं, "दाढी आत्ता करू, की सणानंतर?" क्लबमध्ये त्यानं कॉफी मागितली की तिघंचौघं एकदम गायला लागायचे. मला त्याची दया आली का? खरं सांगते, नाही आली. मी त्याच्याच नावानं नाचत होते.

पण माझेही दिवस भरत आले होते. गाणं नेणाऱ्या पथकाची प्रमुख होती रोमिना. उंच टाचा, बारीक आवाज, दोन फोन. तिनं चेन्साला कचेरीत बोलावलं. "चाल मस्त आहे. पण गावचा सण युरोपला काय कळणार? आपण शब्द इंग्रजी करू. म्हणजे... हृदय, ज्वाला, आजची रात्र, असं काहीतरी."

मग मला आंघोळ घातली. खवले निघाले. मागून ढोल, वरून धूर, बाजूला पंख लावलेले चार नाचे. झेप्पीची जागा एका न दिसणाऱ्या प्रियकरानं घेतली, जो कायम पावसात उभा. मोरीचा नळ गेला, भिंती गेल्या. आरशात पाहावं आणि शेजारीण दिसावी, तसं झालं मला. चेन्सा ते शब्द घोकायची आणि मध्येच थांबून म्हणायची, "विस्तिन, हा पावसात का उभाय रे? घरी का जात नाही?"

"घर रंगवलेलं नसेल, ताई."

झेप्पी मात्र खूश झाला. फुलं घेऊन घरी आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. "चेन्सा, हे इंग्रजी फार छान आहे. यातला माणूस कोण ते कळतच नाही. तू हेच गा. ते जुनं पुन्हा तोंडातून काढू नकोस, आणि परत आलीस की पुढच्या रविवारी लग्न. फादरशी बोललोय मी."

चेन्सा खुर्चीत बसली. तिची आई जिजा स्वयंपाकघरातून पास्तित्सीचं, म्हणजे आमच्या चीज भरलेल्या करंज्यांचं, ताट घेऊन येत होती, ती दारातच थबकली.

मी चेन्साच्या घशात होते, त्यामुळे तिथं काय चाललंय ते मला कळत होतं. हे वाक्य ऐकायला ती नऊ वर्षं थांबली होती. मी स्वतःला म्हटलं, संपलं आपलं. आणि तिला दोषही देता येईना.

"विचार करते," ती म्हणाली.

तो गेल्यावर जिजा म्हणाली, "पोरी, नवरा काय, गाणं काय, दोन्ही डोकं उठवतात. ज्यानं डोकं उठल्यावर हसू येतं, ते ठेव."

दुसऱ्या दिवशी चेन्सा रोमिनाच्या कचेरीत गेली. "मी जाणार तर माझ्या शब्दांनी. नाहीतर दुसऱ्या नंबरच्या पोरीला पाठवा. ती गोड आहे, पावसात चांगली दिसेल."

रोमिना वैतागली. नियम, करार, नाचे, सगळं बोलून झालं. शेवटी म्हणाली, "अहो, पण परक्या लोकांना हसू कुठं येणार, सांगा बरं!"

"तुमच्या घरी काय करायचं राहिलंय?" चेन्सानं विचारलं.

रोमिनानं दोन्ही फोन खाली ठेवले. मग हळूच म्हणाली, "बाल्कनीचा कठडा. उन्हाळ्यानंतर करतो म्हणाले. पोरगी तीन वर्षांची होती तेव्हा. आता ती गाडी चालवते." आणि तिला जे हसू फुटलं, ते बारीक आवाजातलं नव्हतं. त्याच आठवड्यात माझे जुने शब्द रवाना झाले. नाचे राहिले, पण त्यांचे पंख काढून हातात रंगाचे ब्रश दिले.

झेप्पीला कळलं तेव्हा तो धक्क्यावर आला. "तर मग लग्न विसर."

"विसरते की," चेन्सा म्हणाली. "सणानंतर."

धक्का हसला. ती मान खाली घालून मासे साफ करत राहिली, बराच वेळ.

स्पर्धा उत्तरेकडच्या एका थंड शहरात झाली. चेन्सानं लोकरीचे दोन-दोन पायमोजे घातले होते, झगमगीत झग्याखाली. सभागृहात माल्टी कळणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. पहिलं कडवं गार गेलं. पण तिनं एका नाच्याकडे बोट दाखवून जाब विचारला, नाच्यानं खांदे उडवले, आणि तिसऱ्या रांगेतली कुठलीशी परकी बाई आपल्या नवऱ्याला कोपरानं ढोसून ओरडली. मग दुसरी. मग सगळं सभागृह चुकीच्या उच्चारात माझं धृपद म्हणत होतं.

पहिला नंबर? छे! एकोणिसावी आले मी. परीक्षकांनी मला नाक धरूनच ऐकलं. पण विमानतळावर बेटावरच्या बायका ब्रश घेऊन आल्या होत्या, आणि रोमिना चेन्साला मिठी मारून रडली.

आता पुढचं ऐका. चार महिन्यांत झेप्पीचं लग्न ठरलं. कार्मेना नावाच्या विधवेशी, आणि तेही सणाच्या आधी! शिवाय नवरीनं हट्ट धरला की चेन्सानंच गावं आणि मलाच गावं. विस्तिन म्हणाला, "ताई, नको." ती म्हणाली, "लग्नात गाणं हा माझा धंदा आहे."

तिनं गायलं. तिसऱ्या ओळीला तिचा श्वास अडकला. मीही अडकले तिच्यात, ना आत ना बाहेर. लोकांना वाटलं, नवी तऱ्हा असेल, टाळ्या पडल्या. तेवढ्यात ती सावरली आणि मला शेवटापर्यंत घेऊन गेली. झेप्पी नाचला, बिचारा. दुसरं काय करणार?

नंतर ती मागच्या पायरीवर बूट काढून बसली होती. कार्मेना बदामाची मिठाई घेऊन आली. "रागावलीस का गं? मला वाटलं, हसून मोकळं होऊ सगळे. चुकलंच माझं."

"एक सांग," चेन्सा म्हणाली. "हा चार महिन्यांत तयार कसा झाला? तू विचारलंस तरी कसं?"

"विचारलं? छे गं. मी हॉल ठरवला आणि त्याला कपडे शिवायला पाठवलं."

चेन्सा इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. कार्मेनाही शेजारी बसली, नव्या पोशाखाची पर्वा न करता, आणि दोघींनी मिळून मिठाई संपवली.

हल्ली मी फुटबॉलच्या मैदानावर असते, अचकट विचकट शब्द घालून. दुकानात असते, दाताच्या दवाखान्यात असते. माझी तक्रार नाही. पण गेल्या रविवारी चेन्सा मासे तोडताना काहीतरी गुणगुणत होती, आणि ती मी नव्हते. शब्द अजून सापडलेले नाहीत, नुसती चाल आहे, आणि चांगली आहे, मेली! तेव्हा तुमच्याकडे एवढंच मागते: ती आली की तिलाही जागा द्या. उभी राहायला तीन मिनिटं पुरतात. मी सरकून घेईन.