वाटी वाजली म्हणून मी आले

मित्रांनो, जरा डोळे मिटा. कल्पना करा, की तुम्ही एका पोत्यात आहात. पोत्याला सरकीचा वास येतो आहे. त्याचे तोंड सुतळीने बांधलेले आहे. खालून मोटारसायकलचे हादरे बसत आहेत आणि आपल्याला कुठे नेत आहेत हे तुम्हाला कोणी सांगितलेले नाही. आता त्यात आणखी एक गोष्ट मिळवा. ज्या हातांनी तुम्हाला त्या पोत्यात घातले, त्या हातांवर तुमचा सगळ्यांत जास्त विश्वास होता. जमले का? मग उघडा डोळे. मी त्या दिवशी डोळे उघडले, तेव्हा पोत्याच्या विणीतून फक्त रस्त्याची धूळ दिसली.

मी एक म्हातारी मांजर आहे. अंगावर पांढरी, काळी आणि तांबूस ठिगळे, म्हणून माझे नाव चिंधी. मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोत्यांच्या थप्पीमागे माझा जन्म झाला. तिथून मन्मथअप्पांनी मला खांद्यावरच्या पिशवीत घालून एसटीने आपल्या गावी आणले. पिशवी हलताना पाहून कंडक्टरने आत काय आहे म्हणून विचारले. अप्पा म्हणाले, "घरची राखणदारीण हाय. हिला अर्धं तिकीट पडतंय का?"

मी खरोखरच राखण केली. ज्वारीच्या पोत्यांना माझ्या उमेदीच्या काळात उंदराचा दात लागला नाही. अप्पा रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करीत. पूजा संपली की बोटाला उरलेले भस्म माझ्या कपाळाला लावीत आणि म्हणत, "उंदरं खातीस, निदान कपाळ तरी चांगलं ठेव." घरात सगळे हसत. मला त्या हसण्याचा राग येत नसे.

अप्पांचा मुलगा शिवप्रकाश, सून अनुपमा आणि नात महेश्वरी. महेश्वरी रांगायला लागली ती माझी शेपटी धरायला. पुढे ती मोठी झाली, शाळेत जाऊ लागली. शाळेतून आली की स्टीलच्या वाटीत दूध ओतायची आणि वाटीवर नखाने टकटक वाजवायची. मी शेजारच्या पत्र्यावर असो की कडब्याच्या गंजीत, तो आवाज ऐकून धावत यायचे. तो आवाज फक्त आम्हा दोघींचा होता.

महेश्वरीला लहानपणापासून दमा होता. थंडी पडली की तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येई. मानवतच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तोंडाने ओढायचा पंप दिला होता. मांजर अंथरुणात घेऊ नका, असेही त्यांनी तेव्हाच सांगितले होते. पण ते कोणी मनावर घेतले नाही. महेश्वरी माझ्या पोटात तोंड खुपसून झोपायची. मला तरी काय कळणार? मला वाटे, माया अशीच असते.

आणि मग घरात कापूस आला.

त्या वर्षी भाव चढेपर्यंत कापूस विकायचा नाही, असे शिवप्रकाशने ठरवले. गावात सगळ्यांनीच तसे ठरवले होते. मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरला. त्याला हळदकुंकू वाहिले, अप्पांनी भस्म लावले. चपला घालून त्या खोलीत कोणी जाईना. गल्लीतली मुले ढिगावर उड्या मारीत आणि घरभर बारीक तंतू उडत. पाण्याच्या माठावर तंतू, भाकरीवर तंतू. सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली. महेश्वरीचा दम तर थंडी पडायच्या आधीच सुरू झाला. जिना चढली तरी ती मध्येच थांबून पायरीवर बसायची.

शेजारच्या कुसुमबाई एकदा ताक मागायला आल्या. मी चुलीजवळ पाय चाटत बसले होते. त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "अनुपमा, ही बया घरात हाय तवर पोरीचा दम जायचा न्हाई. मांजराचा केस छातीत जाऊन बसतो. अन् तो पंप बी लय देऊ नको, सवय लागती."

झाले. त्या घरात इतकी वर्षे मी काय केले, ते त्या एका वाक्याने पुसले गेले. पंप देव्हाऱ्यावरच्या उंच फळीवर गेला. माझ्याबद्दल रात्रीच्या जेवणाला बोलणे झाले. अप्पा एकदाच म्हणाले, की मुक्या जिवाला असे घालवू नये. मग तेही भाकरी मोडत राहिले. मी त्यांच्या मांडीशीच बसले होते, पण माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी वाटी वाजली. टकटक, टकटक. मी पत्र्यावरून उडी मारून आले. महेश्वरी अंगणात बसली होती, वाटीत दूध होते, पण वाटी पोत्याच्या तोंडात ठेवलेली होती. मी तिच्याकडे पाहिले. तिने पुन्हा वाटी वाजवली. माझ्याकडे न पाहता ती वाजवत राहिली. तिने बोलावले आहे ना, मग काय भ्यायचे? मी आत गेले. दुधाला तोंड लागायच्या आत उजेड गेला.

घरात बाकी कोणाच्या हाती मी लागले नसते. हे त्यांना माहीत होते, म्हणून त्यांनी तिला पुढे केले. मोठ्या माणसांचे मला फार वाईट वाटले नाही. तिचे वाटले.

पोखर्णीच्या शिवारात महेश्वरीच्या मामांचा, नागेशमामांचा, आखाडा होता. आखाडा म्हणजे शेतातला गोठा आणि त्याला लागून राहायची छपरी. तिथे मला सोडले. मामा वाईट नव्हते, पण त्यांच्या कुत्र्यांना मी नको होते. मी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगात राहू लागले. माझा एक कान फाटला. उंदीर पकडण्याइतके पाय आता चपळ राहिले नव्हते. संध्याकाळी आखाड्यावर भांडी घासताना वाटी कुठे वाजली की माझे अंग आपोआप उठायचे. मग मी स्वतःलाच दाबून खाली बसवायचे. मित्रांनो, फसवणूक झाल्यावरही अंग जुनी सवय सोडत नाही, याची मला लाज वाटायची.

बऱ्याच दिवसांनी अनुपमा भावाला भेटायला आखाड्यावर आली. तिचा चेहरा उतरला होता. तिने सांगितले ते मी पऱ्हाटीतून ऐकले. मी गेल्यावर महेश्वरीला थंडी लागू नये म्हणून तिचे अंथरूण मधल्या खोलीत, कापसाजवळ घातले होते. तिथे ऊब होती. एका पहाटे पोरीचे ओठ निळे पडले. बोलायला श्वास पुरेना. ती फक्त फळीकडे बोट दाखवत होती, पण पंप तिथे आहे हे आठवायलाच घरच्यांना वेळ लागला. तो दिला आणि तसेच तिला मानवतला नेले.

"डॉक्टरीणबाईंनी तिच्या वेणीतून कापूस काढून माझ्या हातावर ठेवला," अनुपमा म्हणाली. "म्हणाल्या, मांजर घालवलं आन् लेकरू कापसात झोपवलं का? मला वर बघता येईना, दादा."

 मामांनी विचारले, की म्हणजे मांजराचा काहीच दोष नव्हता का.

होता, मित्रांनो. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. डॉक्टरीणबाईंनी तेही सांगितले होते. आम्ही अंग चाटतो, ती लाळ केसांवर वाळते. आमच्या कातडीचा बारीक कोंडा हवेत उडतो. दमा असलेल्या काही मुलांना त्याचा त्रास होतो. म्हणून त्यांचे म्हणणे असे होते: आधी कापूस बाहेर काढा. पंपात खंड पाडू नका, त्याची वाईट सवय लागत नाही. मांजर ठेवायचे असेल तर अंगणात ठेवा. निजायच्या खोलीत, अंथरुणात ते नको. त्याला तोंडाजवळ घेऊ नका, हात लावला तर साबणाने धुवा, घर ओल्या फडक्याने पुसा. एवढे करूनही पोरीला त्रास झाला, तर मांजराला चांगले घर शोधून द्या. पण शोधून द्या, टाकून देऊ नका.

हे सगळे कोणी आधी विचारले असते, तर मला पोते पाहावे लागले नसते आणि महेश्वरीला ती पहाट. एवढेच माझे तुम्हाला मागणे आहे. घरातल्या मुक्या जिवाला दोष देण्याआधी घरभर नजर फिरवा, आणि जाणत्या माणसाला विचारा.

पुढच्या रविवारी मायलेकी दोघी आल्या. महेश्वरी वाळली होती. गळ्यात दोरीने पंप अडकवलेला. हातात तीच वाटी. तिने वाटी खाली ठेवली आणि टकटक वाजवली.

माझे अंग उठले. मी ते खाली बसवले.

तिने पुन्हा वाजवली. मी पऱ्हाटीतून तिच्याकडे पाहत राहिले, पण हलले नाही. अनुपमाने धुऊन वाळवलेले पोते पुढे केले आणि म्हणाली, की मामा पकडून देतील, यात घालून घरी नेऊ, अंगणात ठेवू.

"मामाला सांगू नको," महेश्वरी म्हणाली. "ती मला भ्यायलीय. पोत्यात मीच घातलं होतं तिला."

तिने आईच्या हातातून पोते घेतले. वाटी तिथेच सोडून ती मागे सरकली. पोत्याचे तोंड उघडून तिने त्यात आधी एक पाय घातला, मग दुसरा. खाली बसली, पोते गळ्यापर्यंत ओढले आणि आतल्या मुठीने त्याचे तोंड आवळून धरले. आता तिला पळता येत नव्हते, की मला पकडता येत नव्हते.

आणि तशी ती बसून राहिली. वाटी तिने पुन्हा वाजवली नाही.