टोपलीतला भारद्वाज

आमच्या ह्याईची, म्हणजे घरधन्याची, एक खोड तुमाले आधीच सांगून ठेवते. काहीबी बिनसलं की हे म्हणतात, "आज उठल्या उठल्या बेबीचं तोंड पाह्यलं." बेबी म्हणजे मी. एस्टी हुकली, बेबीचं तोंड. बैल लंगडला, बेबीचं तोंड. मांगच्या साली ग्रामपंचायतीच्या इलेक्शनमधे पडले, तवाबी पारावर बसून चारचौघात हेच सांगतलं. मीबी काही गप बसणारी नाही, पण पुंडलिकराव म्हणजे पुंडलिकराव. आमच्या बोरी अरब गावात ह्याईच्या तोंडी कोणी लागत नाही, अन् ह्याईचं कोणी ऐकतबी नाही.

श्रावणातली गोष्ट. हे वावरातून आले ते दुपट्ट्यात काहीतरी गुंडाळून. उघडून पाह्यलं तर भारद्वाजाचं पिल्लू. मळकट काळं, अंगभर पट्टे, शेपटी अर्धीच फुटलेली. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बोरीच्या झाडाखाली भुईवर बसलं होतं म्हणे, उडतबी नव्हतं. आता भारद्वाज नुसता दिसला तरी दिवस चांगला जाते म्हणतात आमच्याकडं, लोकं त्याच्यासाठी चालती गाडी थांबवतात. इथं तर तो घरीच आलता. ह्याईनं त्याले टोपलीत बसवलं, टोपली देवघरापाशी ठेवली, अन् कुंकू लावायले निंगाले. मी हात धरला म्हणून पाखरू वाचलं.

हा हा म्हणता गावात खबर गेली. शेजारची हंसाबाई आली, तिच्या सुनेचे दिवस भरत आलते. फवारणीचे पंप दुरुस्त करणारा मन्सूरभाऊ आला, म्हणे आमच्या दुकानाकडंबी जरा पाहू द्या राव याले. ज्याईनं मत दिलं नाही तेबी 'राव, राव' करत ओसरीवर बसून राह्यले. चहा उकळता उकळता मी थकली, अन् ह्याईची छाती अशी फुगली की सदऱ्याच्या गुंड्या तुटतात का काय असं वाटे.

देवाचं पाखरू म्हणून खाणंबी देवाचंच. दूधभात झाला, साबुदाणा झाला, हंसाबाईनं पेढा आणला. पिल्लानं चोच उघडली नाही. दुसऱ्या दिवशी तर मान टाकून बसलं.

मी म्हणलं, "अवो, हे मरते."

"सोवळं पाखरू हाय," हे म्हणाले, "आज सोमवार हाय ना श्रावणातला. उपास असन त्याचा."

आता या माणसाले काय बोलावं.

मी तणतणत निंदायले गेली. धुऱ्यापाशी पोहोचली तर बोरीच्या काट्यातून आवाज, घुप घुप घुप. मोठा भारद्वाज होता. पंख विटकरी, डोळे लालभडक, अन् चोचीत हिरवी अळी. या फांदीवरून त्या फांदीवर, मंग खाली, मंग पुन्हा वर. अळी गिळत नव्हता अन् टाकतबी नव्हता. ज्याच्यासाठी घास आणला, ते आमच्या देवघरापाशी उपाशी बसलं होतं. मले भडभडून आलं. आमचा पोरगा नयन शिकायले अमरावतीले गेला, तवा त्याचा डबा घरीच राह्यला. मी पळत स्टँडवर गेली, तर एस्टी निंगून गेलती. डबा हातात धरून मी किती वेळ तशीच उभी होती.

निंदण राह्यलं बाजूले. सोयाबीनवरच्या अळ्या मी पदरात येचल्या. गळ्यात माळ हाय माया, मी अंड्याले हात लावत नाही. पण त्या दिवशी येचल्या.

घरी आली तर ओसरी भरलेली. कोणाले काही न इचारता मी टोपलीपाशी बसली अन् एक अळी पुढं धरली. पिल्लानं गपकन गिळली. दुसरी गिळली. मंग चोच वासून असं ओरडलं की हंसाबाई मांग सरकली.

"अवं, देवाच्या पाखराले किडे?" ह्याईचा चेहरा पाहण्यासारखा झालता.

"पाखरू देवाचं असन, पोट तर त्याचंच हाय ना? अन् ते पडलं नव्हतं. उडायचं शिकून राह्यलं होतं. मायबाप तिथंच होते, तुमी उचलून आणलं. ते घास घेऊन काट्यात हिंडून राह्यले, अन् तुमी इथं दरबार भरवून राह्यले."

"आता माणसाचा हात लागला," हंसाबाई म्हणली. "आता माय जवळ करत नाही."

ह्याईचं तोंड उतरलं. मले ठाऊक होतं, टोपली गेली की ओसरी रिकामी होईन, अन् हे पुन्हा इलेक्शनमधे पडलेले पुंडलिकराव. म्हणून पुढं मी काही बोलली नाही. लग्न झाल्यापासून पह्यल्यांदा गप बसली.

मंग हे उठले अन् टोपली स्वतः उचलली.

"चूक मायी हाय," म्हणाले. "ज्याले पाह्याचं हाय त्यानं वावरात यावं."

चूक मायी हाय! हे शब्द या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते.

सारेच मांग निंगाले. ह्याईनं पिल्लू बोरीच्या खालच्या फांदीवर बसवलं, अन् आमी दूर तुरीच्या तासात, दोन ओळींच्या मधे बसलो. लय वेळ गेला. ढग भरून आले. कोणी म्हणे, नाही येत आता. पिल्लूबी ओरडायचं थांबलं. तेवढ्यात ह्याईनं माया हात धरला, चारचौघात.

घुप घुप घुप.

मोठा भारद्वाज उड्या मारत धुऱ्यावरून आला. चोचीत सरडा. जरासा थांबला, मान वाकडी करून त्यानं आमाले पाह्यलं, अन् सरडा थेट त्या वासलेल्या चोचीत कोंबला. मंग तो पुढं अन् पिल्लू मांग, असे दोघंबी काट्यात शिरले.

मन्सूरभाऊनं डोळे पुसले अन् मंग त्याले मस्करी सुचली.

"काय पुंडलिकराव, आज सकाळी कोणाचं तोंड पाहून उठलते?"

सारे हसले. ह्याईची खोड गावाले पाठ हाय. हे उभे राह्यले, दुपट्टा झटकला, घसा खाकरला.

"बेबीचं," म्हणाले. "रोज तिचंच पाह्यतो. म्हणून तर मायं आजवर निभावलं."

मी खाली पाहून टोपली उचलली. हंसाबाई बाजूलेच उभी होती. तिनं हे नीट ऐकलं का नाही, ते मी घरी येईपर्यंत तिले दोनदा इचारलं.