काका म्हणाले, रिकामं आहे

मित्रांनो, मी एक जुनं पिस्तूल आहे, पण घाबरून पान उलटू नका. मी आजवर कुणाला मारलेलं नाही. कागदाला भोकं पाडली, कुंपणावरचे पत्र्याचे डबे उडवले आणि एकदा एक टर्की जिंकली. त्या टर्कीचं पुढे येईलच. मला राग-लोभ फारसा नाही. लोखंडाला तो हवा कशाला? म्हणून जे घडलं ते तिखटमीठ न लावता सांगतो.

माझा जन्म अमेरिकेच्या पूर्वेकडच्या कनेटिकट राज्यातल्या एका कारखान्यात झाला. दुसरं महायुद्ध संपून थोडी वर्षं झाली होती. माझी नळी लांब, मूठ अक्रोडाच्या लाकडाची. मला लागतं ते काडतूस अगदी लहान, तुमच्या करंगळीच्या पेराएवढं. मोठ्या पिस्तुलात काडतुसाच्या बुडाच्या मधोमध ठोका बसतो, माझ्यात तो काठावर बसतो. म्हणून मला रिकामं असताना उगाच चाप ओढलेला चालत नाही. तो ठोका मग माझ्याच नळीच्या मागच्या तोंडाशी बसतो आणि तिथे खड्डा पडतो. हौशी माणसं असे खड्डे पाडून ठेवतात आणि वर म्हणतात, जुना माल, बिघडायचाच!

माझा पहिला मालक लाकडाच्या गिरणीत मुकादम होता. तो गेल्यावर त्याच्या बायकोने मला विकलं आणि मी त्र्यंबककाकांकडे आलो. तेव्हा ते कुणाचे काका नव्हते. नाशिकहून आलेले तरुण इंजिनियर होते, सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला नुकतंच घर घेतलेले. ऑफिसातल्या मित्रांनी त्यांना नेमबाजीच्या क्लबात नेलं आणि काकांना नाद लागला. मीनाक्षीकाकूंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगंबाई! हे घरात ठेवणार तुम्ही?" काका म्हणाले, "कुलपात ठेवणार." आणि खरंच, पुढे कित्येक वर्षं त्यांनी मला कुलपातच ठेवलं.

काकांचा हात स्थिर होता. थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी क्लबात स्पर्धा असायची आणि बक्षीस म्हणून गोठवलेली अख्खी टर्की मिळायची. एका वर्षी ती काकांनी जिंकली. आता काका-काकू दोघं शाकाहारी! काकूंनी दारातच हात आडवा धरला. "माझ्या फ्रीजमध्ये हे मढं ठेवायचं नाही, सांगून ठेवते." मग काका ती टर्की मांडीवर घेऊन पायरीवर बसले आणि शेजारी घरी आल्यावर त्यांनी ती त्यांना दिली. तेवढा वेळ मी गाडीच्या डिकीत होतो.

माझी निगा काकांनी उत्तम राखली. जुन्या बनियनच्या चिंध्यांनी माझी नळी पुसली. सुरुवातीला एक घोटाळा मात्र केला. घरात होतं म्हणून खोबरेल तेल घातलं. नाशिकला चाललं असतं. इथल्या थंडीत ते माझ्या पोटात थिजलं, आणि भर स्पर्धेत मी हलेनाच. गोरे मित्र माझा वास घेत म्हणाले, "कुकीज बेक करतोस का यात?" तेव्हापासून काकांनी शिवणयंत्राचं तेल आणलं. पुढे ते क्लबात नव्या माणसांना शिकवायला लागले. त्यांचा पहिला धडा ठरलेला असे. पिस्तूल हातात आलं की ते रिकामं आहे का हे आपण स्वतः उघडून बघायचं, मग देणारा साक्षात तुमचा बाप का असेना.

मग काका निवृत्त झाले, हात थरथरायला लागला, क्लब सुटला. मी कपाटातल्या पेटीत पडून राहिलो. त्याचं मला काही वाटलं नाही. जुन्या वस्तूंना सवय असते.

पण काका विसरायला लागले. आधी चष्मा, मग चहात दोनदा साखर. एकदा तर गाडी काढून ते जुन्या ऑफिसला जाऊन आले. आणि एका सकाळी काकूंना मी जेवणाच्या टेबलावर दिसलो, पेपरशेजारी. काकांनी मला पुसायला काढलं होतं आणि परत ठेवायला विसरले होते. त्यांची मुलगी रीमा पोर्टलंडला असते. तिने फोनवर स्वच्छ सांगितलं, "आई, ते घरात आहे तोवर मी आन्याला पाठवणार नाही. सॉरी." आन्या म्हणजे रीमाची सात वर्षांची लेक. दर उन्हाळ्यात ती आजी-आजोबांकडे राहायला यायची. काकूंनी फोन ठेवला आणि त्या रडल्या. तेव्हा मात्र मला वाईट वाटलं.

काका विकायला तयार नव्हते. शेवटी म्हणाले, "भिंतीवर टांगणाऱ्याला देणार नाही. नेम धरणाऱ्यालाच देईन." काकूंनी महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर विचारलं आणि अंतरा सापडली. अंतरा औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते. कोल्हापूरला कॉलेजात असताना ती एन.सी.सी.कडून नेमबाजी करायची. इथे नोकरी, ग्रीन कार्ड, सिटिझनशिप या रांगांमध्ये ते सुटलं होतं, आणि आता पुन्हा सुरू करायचं तिच्या मनात होतं.

ती शनिवारी सकाळी आली. ती यायच्या थोडं आधी काकांनी मला पेटीतून काढलं, कुंकवाचं बोट लावलं, ड्रॉवरमधलं एक काडतूस काढून माझ्या नळीत सरकवलं, आणि काडतुसं भरायचं मॅगझीन रिकामं करून जागेवर बसवून मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं. काकू तेव्हा आंघोळीला गेल्या होत्या. पाहिलं ते मी एकट्याने, आणि मला तर बोलता येत नाही.

अंतराने मला उचललं. माझं तोंड भिंतीकडे धरलं, मॅगझीन काढलं, आणि वरचा भाग मागे ओढायला हात नेला.

"रिकामं आहे ते," काका म्हणाले. "मी स्वतः बघितलंय."

"हो काका, पण एकदा उघडून..."

"क्लबात शेकडो लोकांना शिकवलंय मी. माझ्यावर विश्वास नाही का?"

काका दुखावले होते, ते सगळ्यांना दिसलं. काकू घाईने म्हणाल्या, "अगं, त्यांनी बघितलंय म्हणजे बघितलंय. तू आधी चहा घे बाई." अंतराचा चेहरा लाल झाला. वडीलधाऱ्या माणसाच्या घरी, त्याच्याच टेबलाशी बसून, त्याचा शब्द पडताळून बघायचा? आपल्याकडे हे जमत नाही. एखादा गोरा असता तर "शुअर, शुअर" म्हणून त्याने तरीही उघडून पाहिलं असतं, आणि कुणाला त्याचं काही वाटलंही नसतं. अंतराने मला खाली ठेवलं आणि कप उचलला.

माझं तोंड आता फ्रीजकडे होतं. फ्रीजवर आन्याने काढलेली चित्रं चुंबकाने लावलेली होती. काकू दूध काढायला फ्रीजपाशी गेल्या, दार उघडून उभ्या राहिल्या, वाकल्या, परत आल्या. काका खुशीत बोलत होते. त्यांना टर्कीची गोष्ट आठवत होती, अगदी शेजाऱ्याच्या नावासकट. मग थालीपिठाची बशी ठेवायला काकूंना जागा हवी झाली. त्यांनी एका हाताने मला धरलं. कधी न धरलेली वस्तू, त्यामुळे बोट सापडेल तिथे गेलं. ते नेमकं चापावर गेलं.

"काकू, थांबा! हलू नका," अंतरा म्हणाली. तिने काकूंचं मनगट धरलं, बोट अलगद सोडवलं आणि मला घेतलं. "काका, सॉरी हं. तुम्हाला राग आला तरी चालेल, पण मी बघते."

तिने माझा वरचा भाग मागे ओढला. काडतूस उडालं आणि थालीपिठाच्या बशीत पडलं.

काकू खुर्चीत बसल्या. अंतराने मला उघडंच टेबलावर ठेवलं. सगळ्यांत शांत काका होते. ते काकूंना समजावल्यासारखं म्हणाले, "अगं, मीच ठेवलंय ते. घरातून वस्तू द्यायची ती रिकामी कशी द्यायची? डबा परत देताना तू चिमूटभर साखर घालतेस ना?"

"अहो, पण तुम्ही तर म्हणालात, रिकामं आहे," काकू हळूच म्हणाल्या.

"मी म्हणालो?"

"आत्ताच म्हणालात."

काकांनी बशीतलं काडतूस उचललं आणि निरखून पाहिलं. मग फ्रीजकडे पाहिलं. आयुष्यभर हिशेबाने वागलेला माणूस. त्याला कळायला वेळ लागला नाही. त्यांचे डोळे भरून आले. "मीने," ते म्हणाले, "तू तिथे उभी होतीस ना गं?" काकूंनी नुसती मान हलवली. काकांनी मला अंतराकडे सरकवलं. "घेऊन टाक. आजच करू. उद्या मी पुन्हा नाही म्हणेन."

अंतरा तशी पक्की. डोळे पुसले आणि मग रीतसर तपासणी केली. बॅटरी लावून नळीतून आरपार पाहिलं, आतल्या वळणदार खाचा धारदार आहेत का ते बघितलं. नळीच्या मागच्या तोंडाशी नख फिरवून ठोक्याचा खड्डा शोधला, तो नव्हता. मुठीची एक बारीक चीर तिने काकांना दाखवली. काका म्हणाले, "ती मुकादमाच्या वेळची. माझ्याकडची नाही." हे त्यांना पक्कं आठवत होतं.

वॉशिंग्टन राज्यात मला असं हातोहात विकता येत नाही. परवानाधारक दुकानात जावं लागतं आणि सरकारची तपासणी होईपर्यंत मी तिथेच राहतो. म्हणून मला पेटीत, कुलूप लावून, काकूंच्या गाडीत ठेवलं आणि तिघं दुकानात आले. काकांनी पेटी काउंटरवर ठेवली. दुकानदाराने सवयीने विचारलं, "इज इट लोडेड, सर?"

अंतरा उत्तर द्यायला पुढे झाली. काकांनी हाताने तिला थांबवलं. या प्रश्नाचं उत्तर ते आयुष्यभर छाती काढून देत आले होते.

"आय डोन्ट नो," काका म्हणाले. "प्लीज चेक."

दुकानदाराने मान डोलावली आणि मला उघडून पाहिलं. त्याला यात काही विशेष वाटलं नाही. माझ्या इतक्या वर्षांत काकांनी धरलेला इतका अचूक नेम मी पाहिला नव्हता, आणि हे मी उगाच म्हणत नाही.

तेव्हा मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. माझ्यासारखी वस्तू दिसली तर हात लावू नका, लांब व्हा आणि मोठ्या माणसाला बोलवा. मोठे झालात आणि हातात घ्यायची वेळ आली, तर उघडून बघा. सांगणारा कितीही आदराचा असो, त्याच्या पाया पडा आणि मग उघडून बघा. त्याच्या मानाला धक्का लागत नाही.

सह्या झाल्यावर काकूंनी तिथल्या तिथे रीमाला फोन लावला. "पाठव गं तिला. झालं सगळं," एवढंच त्यांना बोलता आलं. काका शेजारीच उभे होते.

"कोण येतंय?" त्यांनी विचारलं.

"आन्या."

"आन्या?" काकांचा चेहरा उजळला. मग ते काळजीने काकूंच्या कानाशी वाकले. "मग ते माझं पिस्तूल आधी घरातून काढ बाई. लहान पोर येणार घरात."

"काढलं," काकू म्हणाल्या. "तुम्हीच काढलंत."

"मी?" काका म्हणाले. "मग बरं केलं."