अमेरिकन जामीनदार

अमेरिकेशी असलेले सर्व संबंध मी नोव्हेंबर २००४ मध्ये तोडले. अमेरिकेला हे अजून कळलेलं नाही, कारण मी ते फक्त माझ्या धाकट्या भावाला फोनवर सांगितलं होतं आणि वाक्य संपायच्या आत त्याने फोन ठेवला. रवींद्र न्यू जर्सीत राहतो, तिथला नागरिक आहे, तीस वर्षं कम्प्यूटरमध्ये होता, आणि इराकमध्ये नसलेली शस्त्रं शोधणाऱ्या अध्यक्षांना त्याने त्या वर्षी पुन्हा मत दिलं होतं. त्यानंतर पाच वर्षं आम्ही बोललो नाही.

मे २००९ मधल्या एका सकाळी मला ते संबंध जोडायला बसावं लागलं. माझी नात मैत्रेयी हिला अमेरिकेतल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला होता. चार वर्षांचा खर्च माझ्या मुलाच्या इथल्या, सेंगकांग उपनगरातल्या फ्लॅटएवढा होता. फ्लॅटला निदान तीन खोल्या आहेत. तिथली एक बँक कर्ज द्यायला तयार होती. अट एकच, जामीनदार अमेरिकन नागरिक पाहिजे. सही शुक्रवारपर्यंत. इथल्या युनिव्हर्सिटीने तिच्यासाठी धरून ठेवलेली जागाही शुक्रवारीच सुटणार होती.

ही बँक आदल्या वर्षी स्वतःच्या कर्तबगारीवर बुडाली होती. सरकारने तिला वर काढलं तेव्हा जामीनदार कोण, असं कुणी विचारलं नव्हतं. मला इतका संताप आला की मी फॉर्मच्या समासात एक शिवी लिहिली. मैत्रेयीने दुसरी प्रत छापून आणली.

"आजोबा, भांडू नका. जस्ट आस्क हिम, लाह." इथे वाढलेली पोरं इंग्रजी वाक्याला असं 'लाह'चं शेपूट लावतात.

तिने लॅपटॉपवर कॉल लावून दिला आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी शेजारी बसली. तिकडे रात्रीचे आठ वाजले होते. पडद्यावर रवी आला. तो हुबेहूब आमच्या वडिलांसारखा दिसायला लागला होता. मला ते आवडलं नाही.

"बोल दादा."

मी विचारणारच होतो. पण तोंडातून निघालं, "काय, सापडली का शस्त्रं?"

"हे विचारायला फोन केलास?"

"नाही, बँकांचंही विचारायचंय. सरकारने पोती भरून डॉलर दिले आणि साहेबांनी आधी बोनस वाटून घेतले म्हणे."

"मला विचारून दिले का? माझं पेन्शन निम्मं झालंय."

"अभिनंदन. मत दिलंस त्याची पोच आली."

"तू कुठे मत देतोस रे? व्हिजिट पासवर राहतोस. च्युइंगगमसुद्धा बंद आहे तुमच्या त्या बेटावर, ते मुकाट ऐकतोस."

"मला दात नाहीत."

"आणि ज्याच्यासमोर बसून आम्हाला शिव्या घालतोयस तो कम्प्यूटर कुणाचा?"

"मलेशियाचा. खाली लिहिलंय."

पुरावा म्हणून मी लॅपटॉप उचलून उलटा केला. बोटं कुठल्या कळांवर पडली देव जाणे. इंटरनेटची केबल निसटली आणि रवी गेला.

मैत्रेयी कपाळाला हात लावून म्हणाली, "नाऊ हाऊ?"

केबल खोचल्याखोचल्या रिंग वाजली. रवीच होता. पाच वर्षांत पहिल्यांदा त्याने आपणहून फोन केला होता. चित्र मात्र फिरलं होतं, वर शर्ट आणि खाली टक्कल. आवाज सरळ होता.

"या वेळी तू ठेवलास," तो म्हणाला. "फिट्टंफाट. आता माझं ऐक. मला काय राग येत नाही? आमच्या अभयच्या कॉलेजच्या कर्जाला मी जामीन आहे. मागच्या वर्षी कंपनीने त्याचा अख्खा विभाग उचलून हलवला. कुठे, विचार."

"कुठे?"

"हिंजवडीला. बत्तीस वर्षांचा पोरगा आमच्या तळघरात झोपतो. बँकेची बाई रोज सकाळी मला फोन करून चोरासारखं झापते. कंपनी म्हणते, आमचा नफा वाढला. कॉलेज तर त्याला अजून पत्रं पाठवतं, माजी विद्यार्थी म्हणून देणगी द्या. कुणाकुणाला शिव्या घालू, दादा? तुझ्याकडे यादी असेल, तीच वाच."

मी वाचली नाही. जन्मात पहिल्यांदा आम्हा दोघांचं एकाच गोष्टीवरून डोकं फिरलं होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

शेजारी कागद वाजला. मैत्रेयीने फॉर्म दुमडला, परत दुमडला. त्या कॉलेजचा फोटो बाराव्या वर्षापासून तिच्या कपाटाच्या दारावर आहे. माझ्या कानाशी येऊन ती म्हणाली, "डोन्ट आस्क, आजोबा."

तेव्हा आला तेवढा राग मला इराकच्या वेळीही आला नव्हता. शहाणं व्हायचं होतं बँकांनी. झाली ही, अठराव्या वर्षी.

"पण तू पाच वर्षांनी फोन केलास," रवी म्हणाला. "काम काय होतं?"

मी पडद्याकडे बघितलं. छताला लटकल्यासारखा तो वाट पाहत होता.

"तू मला उलटा दिसतोयस रे," मी म्हणालो. "हे चित्र सरळ कसं करतात, तेवढं सांग."