प्लास्टर निवेपर्यंत

“आता हे गरम होणार बरं का. घाबरायचं नाही,” असं म्हणत प्लास्टरकाकांनी शेवटची ओली पट्टी मुलीच्या मनगटाभोवती गुंडाळली.

सायकलवरून पडलेली आठ वर्षांची पोर. हाडाला बारीकसा तडा गेला होता. शेजारच्या स्टुलावर तिची आई पर्स छातीशी धरून बसली होती.

“गरम कशानं होणार? शेगडी कुठंय?” पोरीनं विचारलं.

काका खूश झाले. दवाखान्यातल्या या खोलीत बत्तीस वर्षं काढली, पण हा प्रश्न आला की त्यांना हातातलं काम गोड वाटे.

“शेगडी पुडीच्या पोटात आहे. ही पांढरी पूड म्हणजे एके काळचा दगड. त्याला भट्टीत तापवला, तेव्हा त्याच्यातलं बरंचसं पाणी उडून गेलं आणि त्याचं झालं पीठ. पाणी घालवायला जेवढी उष्णता लागली, तेवढी त्यानं पोटात ठेवली. आता आपण त्याला पाणी परत दिलं. तो म्हणतो, घ्या तुमची उष्णता, मी चाललो पुन्हा दगड व्हायला.”

“सगळी परत देतो?”

“सगळी. काही ठेवून घेत नाही.”

“आमच्याकडे पेन्सिलसुद्धा परत येत नाही,” आई म्हणाली, आणि पोर खुदकन हसली.

काकांनी डावा तळहात प्लास्टरखाली धरला. ही त्यांची पद्धत होती. ओलं प्लास्टर उशीवर ठेवलं की खालची ऊब कोंडते, म्हणून काका ते हातावर तोलून धरत. तळहातच त्यांना सांगे, आता तापू लागलं, आता चढलं, आता उतरलं. पुरतं निवल्याशिवाय ते कुणाला टेबलावरून उतरू देत नसत.

आज तळहात गप्प होता.

तसा तो दोन महिने गप्पच होता. सकाळी त्यांनी उकळत्या दुधाचं पातेलं नुसत्या हातानं उतरवलं, तेव्हा बायको ओरडली होती, “अहो, फडकं! हात आहे की लाकूड?” काकांनी हसून वेळ मारून नेली होती. घरी हसता येत होतं. पण इथे सांगितलं, तर या खोलीत आपलं काय काम उरलं? निवृत्तीला तीन वर्षं होती. म्हणून ते कुणाला बोलले नव्हते. हात धरून उभे राहायचे आणि मनातल्या मनात मिनिटं मोजायचे.

मिनिटं मोजता मोजता त्यांनी पोरीकडे पाहिलं. तिनं खालचा ओठ दातात धरला होता. पायाची बोटं आवळली होती.

“काय गं, दुखतंय?”

“नाही.”

“मग?”

“खूप गरम लागतंय. पण तुम्ही म्हणालात ना, घाबरायचं नाही. मी घाबरत नाहीये.”

काकांनी दाराशी केसपेपर लावत बसलेल्या सिस्टरला हाक मारली.

“सिस्टर! जरा इकडे या. हात लावून बघा.”

सिस्टरनं हात लावला आणि झटकन मागे घेतला. “अहो काका, चटका बसतोय!” मग तिनं बादलीत बोट बुडवलं. “आणि हे पाणी? गिझरचं भरलंय की!”

रांग लवकर हटावी म्हणून सकाळपाळीच्या माणसानं गरम पाणी भरून ठेवलं होतं. गरम पाण्यात प्लास्टर झपाट्यानं घट्ट होतं, आणि जी उष्णता सावकाश निघायची ती एकदम बाहेर पडते. हे काका सगळ्यांना शिकवत आले होते. त्याच पाण्यात त्यांनी मनगटापर्यंत हात घालून पट्ट्या भिजवल्या होत्या.

त्यांनी मोठी कात्री घेतली आणि प्लास्टर उभं कापून उघडलं. कापसाखालची कातडी लाल झाली होती. फोड नव्हता. सिस्टरनं त्यावर गार फडकं ठेवलं, तशी पोरीनं सुस्कारा सोडला.

काका आईसमोर उभे राहिले.

“ताई, चूक माझी आहे. मला हाताला गरम-गार कळेनासं झालंय. मी ते लपवलं.”

आईनं आधी लेकीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “तुम्ही विचारलं नसतं, तर ही बोललीच नसती,” ती म्हणाली. “आता परत घालाल ना नीट?”

“सिस्टर घालतील.”

“सिस्टर घालणार नाहीत,” सिस्टर नवी बादली नळाखाली धरत म्हणाली. “पाणी मी बघते, पट्ट्या तुम्ही गुंडाळा. तुमच्यासारखी गुंडाळी मला जमते का? उद्या मोठ्या डॉक्टरांकडे मी तुमचा नंबर लावते, आणि तुम्ही मुकाट्यानं यायचं.”

“येतो.” काकांना फार दिवसांनी हलकं वाटलं.

लाली उतरल्यावर गार पाण्यातल्या पट्ट्या गुंडाळल्या गेल्या. काकांनी खाली तळहात धरला.

“आता तू सांगायचं हं,” ते पोरीला म्हणाले. “कमी नाही, जास्त नाही. जसं लागेल तसं.”

पोर गंभीर झाली. “काहीच नाही… आता थोडं कोमट… आंघोळीच्या पाण्याएवढं… तेवढंच आहे… आता उन्हातल्या दप्तराएवढं…”

बाहेरची रांग खोळंबली होती. कुणी खोकलं, कुणी दारातून डोकावलं. तळहाताला फक्त वजन लागत होतं, लहानशा हाताचं आणि ओल्या दगडाचं.

“निवलं,” पोर म्हणाली.

“नक्की?”

“नक्की.”

तरी काकांनी हात लगेच काढला नाही.