नखपॉलिश लावलेला ब्लॉक

एसेनगुलच्या कंटेनरातल्या दुकानातलं कुठलंच इंजिन जर्मनीच्या खाली उतरत नसे. बिश्केकच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात थापा सगळेच मारत, पण हा पठ्ठ्या इंजिनाच्या ब्लॉकला अख्खं कूळ चिकटवून मोकळा व्हायचा.

"जर्मनीतल्या एका म्हाताऱ्या मास्तरणीच्या गाडीचा आहे, भाऊ. रविवारी तेवढी चर्चला जायची बिचारी!"

समोरचं दाढीवालं गिऱ्हाईक उकिडवं बसून ब्लॉक चाचपत होतं. एसेनगुलचं अर्धं लक्ष घरी होतं. लेकीला, आयजार्किनला, दुपारी मागणी घालायला माणसं येणार होती. 'बाप थापाड्या' म्हणून आधीचं स्थळ मोडलं होतं. हेही मोडलं तर पोरीला काय तोंड दाखवायचं?

"नान हातात घेऊन सांगा," गिऱ्हाईक म्हणालं.

एसेनगुल चपापला. आभाळाची, आईची शपथ तो उठताबसता खाई. पण नान म्हणजे अन्न, ते हातात घेऊन खोटं? छे, एवढा नालायक तो नव्हता!

"नान घरी राहिलं," तो पुटपुटला. चहाच्या किटलीशेजारी नान चांगलं ताटाएवढं पडलं होतं.

गिऱ्हाइकानं नखानं ब्लॉकवरचं किटण खरवडलं. "सिलिंडर घासून मोठे केलेत. हा कान तुटून पुन्हा झाळलाय. आणि हे बूच बघा." बुचावर लाल रंग होता. "नखपॉलिश. माझ्या बायकोचं! पाणी झिरपलं तर कळावं म्हणून मीच फासलं होतं. नारिनच्या घाटात माल वाहिलाय यानं. कसली मास्तरीण नि कसलं चर्च!"

"म्हणजे, आपण…?"

"तुर्गुनबेक. दुपारी तुमच्याकडेच येणारा. म्हटलं, आधी व्याही तपासून घ्यावा."

एसेनगुलच्या पायांखालची जमीन सरकली. मेलो! याही स्थळाला माझीच जीभ नडली. तरी सवय जाते थोडीच? त्यानं हळूच विचारलं, "तुम्ही विकताना कुठला म्हणून सांगितला होतात?"

तुर्गुनबेक खोकला. दाढी खाजवली. "जर्मनीचा."

दोघंही पोट धरधरून हसले. मग तुर्गुनबेकनं स्वतः उठून किटलीशेजारचं नान आणलं आणि एसेनगुलच्या हातात ठेवलं. "इंजिनाचं सोडा. मुलगी कशी आहे, ते सांगा."

एसेनगुलनं नान दोन्ही हातांत घट्ट धरलं. "तापट आहे. हाका मारमारून उठवावी लागते. माझी थाप तोंडावर पकडते, सगळ्यांदेखत." त्यानं नान छातीशी धरलं. "ती गेल्यावर घर खायला उठेल, भाऊ."

तुर्गुनबेकनं त्या नानचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "ठरलं तर! आमचा ब्लॉक तुमच्याकडे नांदला, आता तुमची लेक आमच्याकडे नांदेल."